वन्सं, दुसरा गियर!

पन्नाशी उलटलेल्या बाईने मोटारसायकल शिकायचं म्हटलं, की घरात आधी हसं होतं, मग वाद होतो आणि शेवटी 'कर बाई, तुला काय करायचं ते' अशी परवानगी मिळते. आमच्याकडे ह्याच क्रमाने सगळं झालं.

त्याचं असं झालं, 2023 च्या जानेवारीत ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मोटारसायकलला कायमची रजा द्यायला सांगितली. गाडी जिन्याखाली झाकून ठेवली गेली. रोज संध्याकाळी हे काठी टेकत खाली उतरायचे, वरचं कापड बाजूला करायचे, बटण दाबून इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचे आणि पुन्हा झाकून वर यायचे. तोंडाने म्हणायचे, "विकून टाकू या आता." पण गिऱ्हाईक दारात आलं की अशी काही किंमत सांगायचे, की ते चहासुद्धा न घेता परत जायचं. असं तीन वेळा झालं. एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता माझ्या तोंडून निघून गेलं, "विकू नका. मी शिकते."

हे हसले. थोरला हसला. धाकटी मात्र गंभीरपणे म्हणाली, "आई, मग मामीला विचार की!"

मामी म्हणजे माझी भावजय. आणि तिला विचारायचं, हीच तर खरी अडचण होती.

ती का, ते सांगायला मला बरंच मागं जावं लागेल. 2001 साली माझ्या भावाचं लग्न झालं. भावजय सांगलीकडची, वडिलांच्या राजदूतवर हात बसलेली. लग्नानंतर पंधरा दिवसांनी तिने भावाची मोटारसायकल काढली आणि कोपऱ्यावरून भाजी घेऊन आली. मी तेव्हा माहेरी आले होते. ओटीवर चार बायका बसल्या होत्या. त्यांच्या देखत मी म्हणाले, "आपल्या घरात हे चालायचं नाही हं. पुरुषासारखं पाय टाकून बसायचं म्हणजे काय! लोक काय म्हणतील?" आई काहीच बोलली नाही. भावजयीने भाजीची पिशवी आत नेऊन ठेवली. त्यानंतर अकरा वर्षं तिने मोटारसायकलला हात लावला नाही.

आता गंमत बघा. हे बोलणारी मी स्वतः 1988 साली लूनावरून कॉलेजला जात होते. लूना 1972 साली निघाली आणि माझ्यासारख्या किती मुलींना तिने बसच्या रांगेतून सोडवलं, त्याची गणती नाही. लूनावर बसताना मला कधी कुणाची लाज वाटली नव्हती. मग लूना चालेल आणि मोटारसायकल चालणार नाही, ही रेघ मारली कुणी? त्या दिवशी तरी ती मीच मारली होती.

दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी केला. मी काय म्हणते ते भावजयीने ऐकून घेतलं. क्षणभर पलीकडे काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "रविवारी सकाळी सहाला तयार राहा, वन्सं. आणि ओढणी घेऊ नका."

पहिला महिना मैदानावरच गेला. गियर नसलेल्या गाडीचा परवाना माझ्याकडे होता. गियरच्या गाडीसाठी पुन्हा शिकाऊ परवाना काढावा लागला. तो सहा महिने चालतो आणि निदान तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. माझी उंची पाच फूट, गाडीचं वजन जवळजवळ 140 किलो. दोन्ही पाय एकदम टेकत नाहीत म्हणून मी रडकुंडीला आले. भावजय म्हणाली, "दोन पाय टेकायचे कशाला? डावा टेका, उजवा ब्रेकवर ठेवा. उभं राहायला एक पाय पुरतो." क्लचबद्दल ती सांगायची, "भाकरी थापताना हात कसा हळूहळू सैल सोडता, तसा सोडा." आठचा आकडा पहिल्या खेपेस चुकला, दुसऱ्या खेपेस जमला. ह्यांनी पेढे आणले.

भावजयीच्या आणखी दोन मैत्रिणी होत्या. एक बँकेत, एक शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. महिन्यातून एका रविवारी तिघी लांब जात. डिसेंबरात त्यांनी कोकणात उतरायचं ठरवलं आणि मला 'चला' म्हणाल्या. पहिला मुक्काम हरिहरेश्वर, दुसरा दापोलीजवळचं मुरुड. तीन दिवस, जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरच्या आत.

आम्ही कर्वेनगरात राहतो. महर्षी कर्व्यांनी स्त्रियांच्या शिक्षणाचं काम केलं ते इथेच, जुन्या हिंगण्याच्या माळावर. आणि मुरुड हे त्यांचं गाव. म्हणजे अण्णांच्या नावाच्या वस्तीतून निघून अण्णांच्या गावाला जायचं. मला ते शकुनाचं वाटलं.

निघायच्या दिवशी पहाटे पाचला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाच्या वड्या बांधून घेतल्या. जाड पॅन्ट, जाकीट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट घालून मी आरशासमोर उभी राहिले, तर माझी मलाच ओळख पटेना. हे जिन्यापर्यंत आले. टायरमधली हवा स्वतः दाबून पाहिली, साखळीला तेल घातलं, आणि नेहमी मी त्यांना म्हणत आले तेच मला म्हणाले, "पोचलीस की फोन कर."

निघण्याआधी भावजयीने क्रम लावून दिला. पुढे ती बुलेटवर, तिच्या मागे मी, माझ्या मागे चित्रकलेच्या बाई आणि शेवटी बँकवाली. मला वाटलं होतं, नवीन म्हणून मला शेवटी ठेवतील. ती म्हणाली, "नवीन माणूस शेवटी ठेवला, की तो पुढच्यांना गाठायला धावतो आणि पडतो. दुसऱ्या नंबरावर तुम्ही. तुमचा वेग तो सगळ्यांचा वेग." असं मला संसारात कधी कुणी म्हटलं नव्हतं! लग्न झाल्यापासून ह्यांच्या पावलांमागे धावतच तर चालत आले.

चांदणी चौक, पिरंगुट, पौड असं करत आम्ही मुळशीच्या पाण्याकडेला आलो. धुकं पाण्यावरून हळूहळू उठत होतं. ह्याच खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी 1921 साली धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. त्यात बायाही होत्या. आज पाणी इतकं शांत दिसतं, की त्याखाली गावं आहेत हे सांगावं लागतं. तिथे दशम्या सोडल्या. हेल्मेट काढल्यावर चौघींचेही केस असे चपटे झाले होते, की एकमेकींकडे बघून आम्ही पोट धरून हसलो.

पुढे ताम्हिणी. पावसाळ्यात इथे धबधबे बघायला गर्दी लोटते. डिसेंबरात मात्र रान शांत असतं. कोकणाच्या बाजूचा उतार लागला आणि भावजयीने डावा हात वर करून दोन बोटं दाखवली. त्याचा अर्थ, दुसरा गियर. उतारावर गाडी नुसत्या ब्रेकवर आवरायची नसते. ज्या गियरमध्ये चढ चढलो असतो, त्याच गियरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. हे मला शिकवलेलं होतं. पण शिकवलेलं आणि सुचलेलं यात अंतर असतं. एका वळणावर बारीक खडी सांडलेली दिसली. मी घाबरून खडीकडेच बघत राहिले आणि पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक सरकलं. एखादी म्हैस बसावी तशी गाडी हळूच आडवी झाली आणि मी तिच्याशेजारी.

वेग फारसा नव्हता म्हणून निभावलं. गाडीच्या लोखंडी गार्डने पाय वाचवला, हातमोज्यांनी तळवे. कोपराला खरचटलं आणि क्लचची दांडी वाकली. मागच्या दोघींनी आधी आपल्या गाड्या कडेला घेतल्या आणि येणाऱ्या गाड्यांना हात दाखवून थांबवलं. भावजय धावत आली. मी रस्त्याच्या कडेला बसून म्हणाले, "मला नाही जमायचं. माणगावला एखादा टेम्पो बघा, गाडी चढवू आणि मी एस.टी.ने परत जाते. ह्या वयात नसता हट्ट केला."

मला वाटलं, ती आता तरी म्हणेल, मी तुम्हाला सांगितलं होतं. तिने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "टेम्पोचं माणगावला बघू. माणगावपर्यंत तर जावंच लागेल ना? आधी गाडी उचला."

"मी?"

"तुम्हीच. मी शेजारी आहे."

पडलेली गाडी कशी उचलायची, ते तिने मला तिथे शिकवलं. गाडीकडे तोंड करून ओढायचं नाही, कंबर जाते. पाठ गाडीला लावायची, गुडघ्यात वाकायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची कडी धरायची आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उठायचं. त्याआधी गियरमध्ये टाकून ठेवायची, म्हणजे घरंगळत नाही. मी रेटलं. 140 किलोची गाडी उभी राहिली! आयुष्यभर पाण्याचे हंडे आणि धान्याचे डबे उचलले, पण 'मी उचललं' असं त्या दिवशी प्रथमच वाटलं.

"आणि एक," ती म्हणाली, "खडीकडे बघायचं नाही. जिथे जायचंय तिथे बघायचं. गाडी नजरेमागे जाते." उरलेला घाट तिची दोन बोटं बघत उतरले. माणगाव आलं. टेम्पोचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

म्हसळ्यावरून हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. घरगुती खाणावळीत आमटी-भात, पोह्याचे पापड आणि गार सोलकढी पुढ्यात आली. भूक म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी ओहोटी होती म्हणून देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेने गेलो. समुद्राने कोरून काढलेले ते कातळ बघत माझे दुखरे खांदे मी विसरले. ह्यांना फोन केला. कोपराचं सांगितलं नाही. दांडीचंही नाही.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला फेरीबोट. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. ह्या तीरावर रायगड जिल्हा, पल्याड वेसवीला रत्नागिरी. गाडी बोटीत चढवायची म्हणजे ओल्या लोखंडी फळीवरून न्यायची. मी भावजयीकडे पाहिलं. तिने एकच बोट दाखवलं. पहिला गियर, ब्रेकला हात न लावता, सरळ. गेले! बोटीवरचा खलाशी म्हणाला, "या काकू, इकडं लावा." 'काकू'ने त्या वेळी जितकं बरं वाटलं तितकं कधी वाटलं नव्हतं. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे.

बाणकोट, मग केळशी. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे आणि त्यांवरून डोकावणाऱ्या पोफळी. केळशीला महालक्ष्मीचं दर्शन घेतलं. देवळाच्या पायरीवर बसलेल्या एक आजी आमच्या हेल्मेटांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "चौघीच? पुरुष कोण नाय बरोबर?" मी ओशाळून काही सांगणार, तोच आजी पुढे म्हणाल्या, "बरं केलंत." आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून सुवर्णदुर्ग दिसला. हर्णै मागे टाकून दुपारी मुरुडला पोचलो.

मुरुडमध्ये शिरताना वाडीतल्या सावलीने अंग निवतं. संध्याकाळी आम्ही अण्णांच्या स्मारकाशी गेलो. धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले ते ह्या गावात. मुलगा असताना ते परीक्षेसाठी इथून साताऱ्याला पायी गेले. 110 मैल, भर पावसात, डोंगर ओलांडून. आणि तिथे गेल्यावर, वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे 1893 साली त्यांनी गोदूबाई ह्या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा ह्याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला, 1916 साली महिला विद्यापीठ काढलं आणि 1958 साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. आज गाव त्यांचं नाव अभिमानाने सांगतं.

चित्रकलेच्या बाई हे सगळं बँकवालीला सांगत होत्या. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमची ओटी आली. वाळीत टाकायला काही गावच लागतं असं नाही. चार बायकांसमोर म्हटलेलं एक वाक्यही पुरतं.

मग समुद्रावर गेलो. त्या दोघी शिंपले वेचत पुढे गेल्या आणि मी भावजयीला म्हटलं, "तेव्हा मी बोलले ते चुकलं माझं. बावीस वर्षं झाली. कधी म्हणायचं धाडस झालं नाही."

ती वाळूत पायाच्या अंगठ्याने रेघा ओढत होती. म्हणाली, "तुम्ही एकट्या नव्हता म्हणत, वन्सं. सगळेच म्हणत होते. पण तुम्ही लूनावरून कॉलेजला जायच्या, हे मला ठाऊक होतं. म्हणून तुमचंच जास्त लागलं."

ह्यावर काय बोलणार? लाटा येत होत्या, जात होत्या. थोड्या वेळाने मी विचारलं, "मग मला शिकवायला तयार का झालीस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून," ती म्हणाली. आणि मग हसून, "आणि मला बघायचं होतं, पाय टाकून बसताना तुम्ही कशा दिसता!"

आम्ही दोघी इतक्या हसलो, की पुढे गेलेल्या दोघी मागे वळून बघू लागल्या. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. तिची अकरा वर्षं काही मी परत देऊ शकत नाही. पण निदान ती गेली हे मी तिच्यासमोर कबूल केलं.

तिसऱ्या दिवशी उजाडताच निघून आल्या वाटेने परत फिरलो. ताम्हिणीच्या पायथ्याशी चहा घेतला आणि भावजय म्हणाली, "आता घाटात पुढे तुम्ही. मी मागे." माझ्या पोटात गोळा आला. पण पुढे झाले. चढाला गाडी कुरकुरू लागली की गियर उतरवायचा, वळणाआधी उतरवायचा, वळणात नाही, आणि नजर वळणाच्या पलीकडे ठेवायची. ती खडीची जागा आली. मी खडीकडे पाहिलं नाही. वळण पार झाल्यावर मागून बुलेटचा हॉर्न एकदाच वाजला. शाबासकी द्यायची तिची पद्धत ती अशी.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. हेल्मेट डोक्याला घट्ट बसणारं घ्या, उसनं नको. ओढणी, सैल ओच्याची साडी किंवा लोंबता पट्टा चाकात जातो, म्हणून अंगावर लोंबणारं काही नको. सामान पाठीवर न घेता गाडीला बांधा, म्हणजे खांदे भरून येत नाहीत. दर तासाने थांबा, पाणी प्या, बोटं उघडझाप करा. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. आणि ज्या बायका 'तुमचा वेग तो आमचा वेग' म्हणतील, त्यांच्याबरोबरच जा.

रात्री घरी पोचले तेव्हा हे जिन्याशीच उभे होते. आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. वाकलेल्या दांडीवरून बोट फिरवत म्हणाले, "हे काय?"

"ताम्हिणी," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवी दांडी आणून त्यांनी स्वतः बसवली. जुनी मी टाकू दिली नाही. स्वयंपाकघरात खिडकीपाशी ठेवली आहे.

थोरल्यासाठी आता स्थळं बघतो आहोत. येणारी सून काय चालवते, हे मी तिला जरूर विचारीन. कशाला चालवतेस, हे मात्र विचारणार नाही. आणि तिला काहीच येत नसेल, तर रविवारी सकाळी सहाला तयार राहा म्हणेन.